आरडी ३५० आणि आजची ३९० ड्यूक : जुनी ‘फास्ट’ बाइक खरंच किती फास्ट होती?

जुन्या बाइकचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : “आरडीची सर आजच्या एकाही गाडीला नाही.” बोलणारा साठीचा असेल तर त्याने ती कॉलेजात असताना चालवलेली असते. विशीतला असेल तर यूट्यूबवर तिचं फायरिंग ऐकलेलं असतं. समोर एखादा केटीएमवाला बसला असेल, तर पुढचा अर्धा तास कुणाची गाडी कुणाला मागे टाकेल यावर जातो.

या वादात दोघेही जण बहुतेक वेळा इंजिनाबद्दलच बोलतात. पण जुनी वेगवान बाइक आणि नवी वेगवान बाइक यांच्यातला सगळ्यात मोठा फरक इंजिनात सापडत नाही. तो कुठे आहे, हे आज समजून घेऊया. आपल्या रस्त्यांवर हा फरक माहीत असणं किंवा नसणं जिवावर बेतू शकतं.

आधी आकडे

यामाहाची मूळ आरडी ३५० आली १९७३ मध्ये. ३४७ सीसी, दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर आणि ३९ अश्वशक्ती. वजन दीडशे किलोंच्या आसपास.

भारतात ती दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, एस्कॉर्ट्स कंपनीने आणली. कागदोपत्री नाव राजदूत ३५०, पण लोकांच्या तोंडी ‘आरडी’च राहिलं. इथे येताना तिच्या इंजिनाची धार मुद्दाम कमी केली होती. ‘हाय टॉर्क’ प्रकारात ३०.५ अश्वशक्ती, आणि नंतर आलेल्या ‘लो टॉर्क’मध्ये फक्त २७. कारण एकच, पेट्रोल. तरीही तिचा ॲव्हरेज लोकांना परवडला नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत १०० सीसीच्या जपानी गाड्या बाजारात आल्या आणि १९८९-९० पर्यंत आरडीचं उत्पादन थांबलं.

आता आजच्या बाजूने बघू. केटीएम ३९० ड्यूक भारतात २०१३ मध्ये आली. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणारी ही गाडी. ३७३ सीसी, एकच सिलेंडर, फोर-स्ट्रोक, साधारण ४३ अश्वशक्ती. वजन? पुन्हा दीडशे किलोंच्या आसपासच.

म्हणजे १९७३ ची मूळ आरडी ३९ अश्वशक्तीची आणि २०१३ ची ड्यूक ४३ ची. वजन जवळपास सारखं. चाळीस वर्षांत फक्त चार अश्वशक्ती वाढली! टॉप स्पीडमधलं अंतरही फार मोठं नाही. भारतीय आरडी चांगल्या स्थितीत असेल तर १४० च्या पुढे जायची, ड्यूक १६० च्या पुढे जाते.

मग चाळीस वर्षं इंजिनिअर काय करत होते?

ती ‘किक’ कशामुळे यायची?

त्याआधी आरडीवाल्यांचं म्हणणं ऐकून घेऊ. त्यांना जे जाणवायचं ते खोटं नव्हतं.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोन वेळा फिरतो तेव्हा एका सिलेंडरमध्ये एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला होतो. झडपा उघडणं-मिटणं, त्यासाठीचा कॅमशाफ्ट, चेन हा संसारच नाही. त्यामुळे इंजिन हलकं आणि ताकद भरपूर.

दुसरं म्हणजे टू-स्ट्रोकची ताकद सगळ्या वेगांना सारखी मिळत नाही. सिलेंडरमधून बाहेर पडलेल्या धुराचा दाब सायलेन्सरमध्ये जाऊन आपटतो आणि त्याची लाट परत मागे येते. ही लाट नेमक्या वेळी परतली, तर बाहेर निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण पुन्हा सिलेंडरमध्ये ढकललं जातं. हे गणित इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांनाच जमतं. म्हणून आरडी खाली थोडी मवाळ वाटायची आणि चार-पाच हजार फेऱ्यांनंतर एकदम उसळायची. पुढचं चाक हलकं व्हायचं, मागे बसलेला कमरेला घट्ट धरायचा. सलग, एकसारखी वाढणारी ताकद शरीराला फारशी जाणवत नाही. अचानक वाढलेली मात्र पोटात गोळा आणते. त्यामुळेच ११ अश्वशक्तीची आरएक्स १०० सुद्धा आजच्या १५ अश्वशक्तीच्या गाडीपेक्षा चपळ वाटते. तिचं वजन शंभर किलोंच्या आसपास होतं, हेही विसरू नका.

तिसरी गोष्ट आजूबाजूची. १९८३ मध्ये रस्त्यावर काय होतं? १८ अश्वशक्तीची बुलेट. १३ अश्वशक्तीची येझदी. चारचाकीत प्रीमियर पद्मिनी, साधारण ४० अश्वशक्ती आणि वजन नऊशे किलोंच्या घरात. मारुती ८०० त्याच वर्षाच्या शेवटी आली. अशा रस्त्यावर दीडशे किलोंवर ३० अश्वशक्ती घेऊन निघालेला माणूस राजा होता. समोरच्याला मागे टाकायला त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. आज ३९० ड्यूकला कुठलीही बऱ्यापैकी कार हायवेवर साथ देते, त्यामुळे तो राजेपणा उरलेला नाही.

शिवाय आवाज, कंप, टूटी ऑइलचा निळा धूर, अंगावर येणारा वारा. आरडीवर ऐंशीचा वेग म्हणजे ऐंशीच वाटायचा, किंबहुना शंभर. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाडी पळायची, पण थांबायची का?

आता खऱ्या फरकाकडे येऊ.

मूळ यामाहा आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता. भारतीय आवृत्तीत तो काढून ड्रम ब्रेक बसवला गेला. इंजिन थोडं दमवलं, हे ठीक. पण इतक्या पळणाऱ्या गाडीची डिस्क काढणं हा माझ्या मते त्या गाडीच्या इतिहासातला सगळ्यात वाईट निर्णय. गंमत अशी की जुन्या आठवणी निघतात तेव्हा ‘तिकडे ३९ होती, आपल्याला ३०च दिली’ अशी तक्रार ऐकू येते. डिस्कबद्दल हळहळणारे त्या मानाने कमी.

ड्रम ब्रेकमध्ये लायनर चाकाच्या आतल्या बाजूला घासतात. सगळा मामला बंद डब्यात चालतो. ब्रेक दाबणं म्हणजे गाडीच्या वेगातली ऊर्जा उष्णतेत बदलणं. ती उष्णता डब्यात अडकते, ड्रम तापून किंचित फुगतो, लायनरची पकड कमी होते. लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबला तरी गाडी पुढे सरकत राहते. एकदा जोरात ब्रेक मारला तर निभावतं. लागोपाठ चार वेळा मारला की खरी परीक्षा. डिस्क उघड्यावर असते, वाऱ्याने थंड होत राहते, म्हणून तिचा हा त्रास खूप कमी.

त्यात टू-स्ट्रोकचं आणखी एक दुखणं. फोर-स्ट्रोक गाडीचा ॲक्सिलरेटर सोडला आणि खालचा गिअर टाकला की इंजिनच गाडीला मागे ओढतं. घाट उतरताना आपण हेच करतो. टू-स्ट्रोकमध्ये ही ओढ फारच थोडी असते. खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्या आरडीला जवळजवळ सगळा भार त्या दोन ड्रमवर टाकावा लागायचा. वर, ऑइल सोडणारा पंप ॲक्सिलरेटरशी जोडलेला. लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला तर इंजिनाला ऑइलही कमी मिळणार आणि ते जाम होण्याची भीती. इंजिन जाम झालं तर मागचं चाकही जागच्या जागी थांबतं. म्हणून टू-स्ट्रोक चालवणारे मुरलेले लोक उतारावर मधूनमधून हलकी रेस देत राहतात आणि दोन बोटं कायम क्लचवर ठेवतात. ही सवय स्टाइल वाटते, पण ती जीव वाचवण्यासाठी लागलेली आहे.

आता एक छोटं गणित करू. घाबरू नका, शाळेतलंच आहे.

समजा दोन गाड्या ताशी १०० किमी वेगाने शेजारी-शेजारी चालल्या आहेत. म्हणजे सेकंदाला साधारण २८ मीटर. समोर अचानक एक बैलगाडी आडवी आली. माणसाला दिसणं, कळणं आणि हात-पाय हलणं यात साधारण एक सेकंद जातो असं धरू. तेवढ्यात दोन्ही गाड्या २८ मीटर पुढे गेल्या. हे अंतर कुठलंही तंत्रज्ञान कमी करत नाही.

आता ब्रेक लागले. एका गाडीला चांगली डिस्क, रुंद टायर आणि एबीएस आहे. गुरुत्वाकर्षणामुळे पडणाऱ्या वस्तूचा वेग जसा वाढतो, त्याच्या ८० टक्के दराने ही गाडी आपला वेग कमी करते असं मानू. दुसरीला तापलेले ड्रम आणि अरुंद टायर आहेत, शिवाय चाक लॉक होईल या भीतीने चालवणारा पूर्ण ब्रेक दाबतच नाही. तिच्यासाठी ५० टक्के धरू. पहिली गाडी ४९ मीटरमध्ये थांबेल. दुसरीला ७९ मीटर लागतील. फरक ३० मीटरचा, म्हणजे तीन एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढं अंतर होईल जवळपास तेवढा.

पण खरा धक्का पुढेच आहे. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या जागी पोहोचलेल्या दुसऱ्या गाडीचा वेग किती असेल? ताशी ६१ किलोमीटर. साठ टक्क्यांहून जास्त अंतर कापून झालं तरी वेग निम्माही झालेला नाही, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे एकाच्या पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर जी बैलगाडी सुखरूप उभी आहे, तिच्यावर दुसरा साठच्या वेगाने आदळतो.

इंजिनातल्या चार अश्वशक्तींची चर्चा करताना हे ३० मीटर कुणाच्या बोलण्यात येत नाहीत.

टायर, फ्रेम आणि फोर्क

ब्रेक कितीही चांगला असला तरी शेवटी गाडी थांबवतो तो टायर. आरडीचा पुढचा टायर तीन इंची आणि मागचा साडेतीन इंची, म्हणजे साधारण ७६ आणि ८९ मिलिमीटर रुंद. ड्यूकचे ११० आणि १५०. रुंदीपेक्षाही मोठा फरक रबराच्या मिश्रणात आणि बांधणीत आहे. जुन्या टायरमध्ये नायलॉनचे थर तिरके, एकमेकांवर आडवे घातलेले असायचे. वेग वाढला की टायर तापायचा आणि त्याचा आकार बदलायचा. रेडियल टायर वळणावरही रस्त्याला चिकटून राहतो.

फ्रेमचंही तेच. जुन्या गाड्यांच्या फ्रेमला आणि बारीक फोर्कला जोरदार ब्रेक किंवा वेगातलं वळण सहन व्हायचं नाही, गाडी डुलायची. आज ३९० ला पुढे ४३ मिलिमीटर जाडीचे उलटे फोर्क असतात. यावर आणखी लिहिता येईल, पण मुद्दा तोच आहे : चाळीस वर्षं इंजिनिअर इथे कामाला होते. आणि हो, धुरावरही. टू-स्ट्रोकमध्ये न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर बाहेर पडतं. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या बाजारातून गेल्या. आरएक्स १०० तर १९९६ मध्येच थांबली.

जगातही गोष्ट हीच

हा किस्सा फक्त आपल्याकडचा नाही. १९६९ मध्ये कावासाकीने ‘माक ३’ नावाची ५०० सीसी टू-स्ट्रोक आणली, ६० अश्वशक्तीची. फ्रेम आणि ब्रेक त्या ताकदीच्या मानाने इतके कच्चे होते, की पाश्चात्त्य देशांत या गाडीला ‘विधवा करणारी’ असं टोपणनाव पडलं. पुढे गाड्या वेगाने पळत गेल्या आणि १९९९ मध्ये सुझुकीची हायाबुसा आली, १२९९ सीसी आणि ताशी ३०० किमीच्या पुढे. त्यानंतर मात्र सरकारी बंदीच्या भीतीने मोठ्या कंपन्यांनी आपसांत समजूत करून रस्त्यावरच्या बाइकचा वेग २९९ वर रोखला.

मग पुढच्या वीस वर्षांत काय बदललं? २०२१ च्या हायाबुसाची ताकद आधीच्या आवृत्तीपेक्षा कमी आहे, १९७ वरून १९०. वाढलं ते इलेक्ट्रॉनिक्स. पहिल्या हायाबुसाला एबीएससुद्धा नव्हतं. नव्या गाडीत मोबाइलसारखा एक सेन्सर आहे, जो गाडी किती कलली, किती उचलली गेली हे सतत मोजतो. वळणात घाबरून ब्रेक दाबला तर किती दाब चाकापर्यंत पोहोचू द्यायचा हे तो ठरवतो. हेच तंत्रज्ञान २०२३ मध्ये ३९९ सीसीच्या नव्या ३९० ड्यूकमध्ये आलं. पूर्वी वीस लाखांच्या गाडीत असणारी गोष्ट आता कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभी असते.

तर मग नवी गाडी सुरक्षित?

थांबा. इथे दुसरी बाजू आहे.

आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि त्या गटातल्या सगळ्याच नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. चाक लॉक होऊ लागलं की एबीएस क्षणभर ब्रेक सोडतं आणि पुन्हा दाबतं, सेकंदात अनेकदा. चाक फिरत राहतं म्हणून गाडी घसरत नाही आणि हँडल वळवून अडथळा चुकवता येतो. पण एबीएस रस्त्याची पकड वाढवत नाही. खडीवर किंवा मातीवर तर गाडी थांबायला थोडं जास्तच अंतर लागू शकतं. आपल्याकडे खडी कधी, कुठल्या वळणावर सांडलेली असेल याचा नेम नाही.

आणि आता तो मघाचा मुद्दा. आरडीवर ऐंशीचे शंभर वाटायचे. नव्या गाडीवर १२० चे ऐंशी वाटतात. इंजिन शांत, फ्रेम स्थिर, ब्रेकवर विश्वास. जुनी गाडी हलून, ओरडून, डुलून तुम्हाला सांगायची की आता पुरे. नवी सांगत नाही. ती तुमच्या चुका पोटात घालते, आणि त्या घालता येणार नाहीत अशी वेळ आल्यावर एकदम हात वर करते. तेव्हा वेग १२० चा असतो. शंभरच्या मानाने १२० ला धडकेची ऊर्जा ४४ टक्के जास्त.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातले जवळपास ७५ हजार दुचाकीवरचे होते. यातल्या बहुतेकांकडे ना आरडी होती ना ड्यूक, साध्या १००-१२५ सीसीच्याच गाड्या असणार. पण ज्याच्या हातात ४५ अश्वशक्ती आहे त्याला गणित वेगळं लागू होत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे हा सगळा वेग वापरायचा तो जुन्या हायवेवर, जिथे गावाचा फाटा, शाळा आणि म्हशी सगळं एकाच रस्त्यावर येतं.

जुनी गाडी घ्यायची असेल तर

आरडी आणि आरएक्सची हौस पुन्हा वाढली आहे. चांगल्या स्थितीतल्या गाडीला मोठी किंमत मागितली जाते. घ्यायची असेल तर खुशाल घ्या, ती गाडी चालवण्याचा आनंद दुसरीकडे मिळत नाही हे खरंच आहे. फक्त पैसे कुठल्या क्रमाने खर्च करायचे ते ठरवा. बहुतेक जण आधी इंजिनाचं पोर्टिंग करतात, मोठा सायलेन्सर लावतात, मग रंग, आणि पैसे उरले तर ब्रेक. हा क्रम उलटा हवा. आधी लायनर, केबल, चाकांचे स्पोक आणि टायर. ड्रम घासून गोलाई बिघडलेला असेल तर लेथवर बघून घ्या.

पुढे डिस्क बसवून देणारे मेकॅनिक भेटतील. बदल उपयोगाचा आहे, पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करू देत नाही. त्यामुळे आधी आरटीओत चौकशी करा. पंधरा वर्षं उलटून गेलेल्या गाडीचं पुन्हा नोंदणीकरण आणि पर्यावरण कर भरलेला आहे का, हेही कागद हातात घेऊनच बघा. ‘करून देतो’ या शब्दावर जाऊ नका.

टायर बघताना नक्षी खोल आहे एवढ्यावर समाधान मानू नका. वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीचा टायर दिसायला नवा असतो, पण रबर कडक होऊन गेलेलं असतं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. २३१४ लिहिलं असेल तर तो टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. मालक “टायर नवीन आहेत” म्हणाला, तर खाली वाकून तेवढं वाचून घ्या.